भीती नेमकी कशाची?
लेखात म्हटलंय की अमेरिकेत लोक बंदुका घेतात ते गुन्हेगारी वाढली म्हणून, पण मला हे अर्धंच कारण वाटतं. गुन्हे काय एका रात्रीत वाढत नाहीत, पण नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामा निवडून आले आणि आता बंदुकांवर बंधनं येणार या भीतीने लगेच दुकानांत गर्दी उसळली, २०१२ च्या डिसेंबरला सँडी हुकच्या शाळेत गोळीबारात लहान मुलं मारली गेली, कायदा कडक होणार अशी चर्चा सुरू झाली तर परत तेच. आणि ट्रम्प पहिल्यांदा आल्यावर ती भीती गेली तशी विक्री थंडावली, रेमिंग्टनसारखी जुनी बंदूक कंपनी २०१८ ला दिवाळखोरीत गेली (कर्जही होतं म्हणा डोक्यावर). म्हणजे "आपलं काहीतरी हिरावून घेतायत" ही भावनाच जास्त चालते.

आणि ही भीती एकाच बाजूची नाही हो. मार्च २०२० मधले, कोरोना सुरू झाला तेव्हाचे, कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीचे फोटो आठवा, बंदुकीच्या दुकानाबाहेर फुटपाथवर लांबलचक रांग, त्यात कितीतरी जण पहिल्यांदाच घेणारे, त्या वर्षी कृष्णवर्णीय आणि बायकाही खूप होत्या. एफबीआयकडे वर्षभरात जवळपास ३ कोटी ९७ लाख चेक (बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणी) झाले, चेक म्हणजे विक्री नाही हे मान्य, तरी आकडा बघा.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते १९६७ चं. ब्लॅक पँथर्स ही कृष्णवर्णीयांची संघटना, तिचे लोक उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला लागले तर कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघड्यावर बाळगायला बंदी घालणारा मल्फर्ड कायदा झाला, सही तेव्हाचे गव्हर्नर रेगन यांची. तेव्हा कुठे गेलं होतं स्वातंत्र्य?