सहावी ओळ

मध्यंतरी माझा स्कोअर सहापैकी सहा आला. हे वाचून मला पैकीच्या पैकी मिळाले असं ज्यांना वाटलं, त्यांना या खेळातलं काही कळत नाही, आणि देव करो, कधी न कळो. वर्डलमध्ये पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा असतो. सहाव्याला सुटला म्हणजे बुडता बुडता काठ लागला. खेळ स्वतःच त्यावर 'फ्यू' म्हणतो, म्हणजे 'हुश्श'. तेही मी सोसलं असतं. पण तो शब्द मी ओळखलेलाच नाही, तो लातूर-चाकूर गाडीत माझ्या पायाशी गोणपाटात पडला होता, आणि हे मी अजून आमच्या ग्रुपवर सांगितलेलं नाही.

ग्रुपचं नाव 'पाच अक्षरी'. माणसं सात. त्यातल्या तिघांना मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्यांचे चौकोन रोज पाहते. शब्द उघड न करता, कुठलं अक्षर जमलं, कुठलं नाही एवढं दाखवणारे नुसते रंगीत चौकोन पाठवायचे, ही पद्धत न्यूझीलंडच्या खेळाडूंनी हौसेने सुरू केली आणि २०२१ च्या डिसेंबरात ती खेळातच आली म्हणतात. आमचाही एक भाचा ऑकलंडला आहे. शब्द ज्याच्या त्याच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे उद्याचा शब्द त्याला आमच्या संध्याकाळी साडेपाचला मिळतो. नेमक्या त्याच वेळी डॅलसच्या वर्षाताई सकाळी सातला उठून आजचा शब्द सोडवायला बसतात. मधल्या काळात अंबाजोगाईचे सर, नांदेडच्या वहिनी आणि आम्ही लातूरकर. त्यामुळे आमच्या ग्रुपवर कुठलाही शब्द तोंडातून काढायला मुहूर्त म्हणून नाही. मैत्री अशी की रोज बोलतो आणि कोणी कोणाला काही सांगत नाही.

या खेळाची जन्मकथा मी घरी बरेचदा सांगते. जोश वॉर्डल नावाच्या माणसाने तो आपल्या जोडीदारासाठी, पलक शाहसाठी, बनवला. तिला शब्दकोड्यांची आवड. पाच अक्षरांचे साधारण बारा हजार शब्द होते, त्यातून तिने ओळखीचे अडीचेक हजार निवडले. पुढे २०२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो विकत घेतला. माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी केलेली आजवरची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे गॅलरीतला कपडे वाळत घालायचा दोर. तोही मधोमध लोंबतो.

तर त्या दिवशी. सकाळची गाडी, खिडकीची जागा. मी चाकूर तालुक्यात झेडपीच्या शाळेवर इंग्रजी शिकवते आणि बावीस वर्षं लातूरहून अपडाउन करते. गाडी स्टँडमधून बाहेर पडेपर्यंत माझ्या तीन ओळी झाल्या होत्या. पहिला माझा ठरलेला 'अराइज', मग 'ग्रुप', मग 'कलर'. कलर म्हणजे यू नसलेला, अमेरिकी. खेळ अमेरिकी स्पेलिंग धरतो. २०२२ च्या जानेवारीत 'फेवर' हा शब्द यूशिवाय निघाला, तेव्हा इंग्रजांनी केवढा थयथयाट केला होता. मी इंग्रज नाही, पण पोरांनी कलरमधला यू खाल्ला तर लाल पेनाने गोल करणारी बाई मी. सकाळी पावणेआठला मीच तो खाते आणि अकराला पोरांचे गुण कापते. असो. कलरने काम केलं. दुसरं ओ, चौथं ओ, शेवटचं आर, तिन्ही हिरवी.

आणि शेजारी आजोबा येऊन बसले. धोतर, पांढरी टोपी, कपाळाला बुक्का. दोघा पोरांनी त्यांच्या मागून एक जड गोणपाट चढवलं, माझ्या पायाशी टेकवलं आणि उतरून गेले. मी पाय आखडले. आजोबांनी पाय पसरले. मग ते सरळ माझ्या मोबाईलमध्ये डोकावले. चोरून बिरून काही नाही, घरच्या टीव्हीत बघावं तसं.

"हवामान का?"

"नाही."

"मंग हे हिरवं, पिवळं काय हाय?"

"खेळ आहे, आजोबा. अंदाज बांधायचा."

"तेच की. पावसाचा अंदाज."

ऑगस्ट निम्मा संपलेला, पावसाने पंधरा दिवस ओढ दिलेली, सोयाबीन फुलोऱ्यात. अशा दिवसांत आमच्याकडे अंदाज या शब्दाला दुसरा अर्थ नसतो. मी म्हटलं, पावसाचा नाही, शब्दाचा. त्यांनी ते ऐकलंच नाही. बोट स्क्रीनपासून अर्ध्या इंचावर आणून ते मलाच समजावू लागले.

"हे बगा. हिरवं म्हंजे जिथं पायजे तिथं पडलाय. काळपट म्हंजे न्हाईच. अन् पिवळं म्हंजे हाय, पण दुसऱ्याच्या शिवारात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. नांदेडच्या वहिनींना पिवळ्याचा अर्थ समजायला तीन आठवडे लागले होते. अक्षर शब्दात आहे पण या जागी नाही, हे मी त्यांना तीन फोन करून, एकदा तर वाटाण्याचे दाणे मांडून, व्हिडिओ कॉलवर समजावलं होतं. आणि इथे हा माणूस स्कायमेटचा हवामान अंदाज समजून एका वाक्यात नियम सांगून मोकळा.

"आमच्यात कायम पिवळंच असतंय," आजोबा म्हणाले. "तिकडं रेणापूरला पडला, इकडं उदगीरला पडला. आमच्यावरनं नुसता जातोय."

मी मान डोलावली आणि चौथी ओळ भरली. 'ऑनर'. यू नसलेलाच. एच काळा, एन काळा. म्हणजे 'डोनर'ही गेला. कंटाळून मी स्वतःशीच पुटपुटले, "काय असेल बरं?"

आजोबांनी पायाने गोणपाट दाबलं. "मोटर."

आता इथे मला खोटं बोलता आलं असतं, की मला ऐकू आलं नाही. गाडीचा पत्रा खडखडत होता, कोणी नाही म्हटलं नसतं. पण स्वच्छ ऐकू आलं. एम, ओ, टी, ओ, आर. पाच अक्षरं. बसत होतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आणावं लागलं, जिथे सोसायटीच्या बैठकीत तीन तास बोअर आणि मोटर यांशिवाय विषय नसतो, तिथल्या बाईला आधी 'कलर' सुचतो, मग 'ऑनर' सुचतो आणि मोटर सुचत नाही, याची मला तिथल्या तिथे लाज वाटली. लाज वाटली की मी हट्टाला पेटते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

शिवाय तत्त्वाचा प्रश्न होता. 'पाच अक्षरी'चा पहिला नियम, बाहेरची मदत घ्यायची नाही. मोटर टाकलं तर कॉपी. बावीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये मी दुसऱ्यांची वाकडी मान सरळ करत आले आहे. आणि नाही टाकलं तर? अजून एक शब्द बसत होताच. 'रोटर'. तो माझा होता, स्वतःच्या डोक्यातून आलेला. मी आर दाबलं.

तेवढ्यात कंडक्टर आले. "हे लगेज कुणाचं?"

"माझंच हाय."

"काय हाय यात?"

"मोटर," आजोबा पुन्हा म्हणाले, आणि मागच्या दोन सीटांनी ऐकलं.

"तिकीट लागंल याला."

"मला फुकट हाय ना." आजोबांनी आधार कार्ड काढलं. पंच्याहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, २०२२ पासून. आमचं बायकांचं अर्धं त्याच्या पुढच्या वर्षी झालं.

"तुमाला फुकट हाय बाबा. मोटारीला न्हाई."

"ती बी म्हातारीच हाय. सोळा वर्सं झाली घिऊन."

"मग पंच्याहत्तरची झाल्यावर आणा."

गाडी हसली. आजोबा हसले नाहीत. कमरेच्या पिशवीतून त्यांनी नोटा काढल्या आणि त्या मोजता मोजता मला, कंडक्टरला आणि समोरच्या सीटवरच्या नर्सबाईंना मोटर कशी जळाली ते सांगितलं. थ्री फेज लाइट रात्रीची. दोन वाजता उठून चालू केली. तीनच्या सुमाराला एक फेज गेला. उरलेल्या दोन फेजवर ती फिरायला बघते, जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळतं. पोरगं म्हणत होतं ऑटो स्टार्टर बंद करा, पण आजोबांना झोप लागली होती. हे त्यांनी दोनदा सांगितलं, की झोप लागली होती. लातुरात लेकीकडे दोन दिवस राहून वाइंडिंग करून आणलं. सोयाबीनला एक पाणी मिळालं तर शेंग भरेल.

त्यांचं बोलणं चालू असताना मी रोटर पुरा केला. मधला टी हिरवा झाला. पहिलं आर काळं. आता शेवटची ओळ, आणि मोकळी जागा एकच.

"रोटर म्हंजे?" त्यांचं लक्ष होतंच.

"मोटरच्या आतला फिरणारा भाग."

"मंग आतला कशाला घातला? सगळी घाला की."

समोरच्या नर्सबाई म्हणाल्या, "घाला की मॅडम." मागून कोणीतरी म्हणालं, "मोटर का? मोटरच असंल." कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून वाकले. सातवी ओळ असती तर आईशपथ मी दुसरं काहीतरी टाकलं असतं. पण सातवी ओळ नसते, आणि माझी सलग २१२ दिवसांची स्ट्रीक होती. मी एम दाबलं.

पाचही चौकोन हिरवे झाले आणि गाडीत टाळ्या पडल्या. आजोबांनी विचारलं, "पैसे किती?" मी म्हटलं, काही नाही. बक्षीस? नाही. मग काय मिळतं? मी म्हटलं, फ्यू. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आष्टामोड आल्यावर म्हणाले, "लगेजचे तरी निघाले असते."

चौकोन मी ग्रुपवर टाकले. सर म्हणाले, "वाचलात!" वहिनींनी टाळ्या टाकल्या. ऑकलंडच्या भाच्याने दुसऱ्या दिवशी लिहिलं, "रोटर आधी अन् मोटर नंतर? मावशी, हे जरा उलटं नाही का?" मी हसरा चेहरा पाठवला. मग वर्षाताईंनी लिहिलं की त्यांना तो तिसऱ्यालाच आला. हा त्यांचा स्वभाव आहे. कोणाचं काही बुडालं की त्यांना नेमका तिसऱ्याला येतो.

सर आम्हाला नेहमी शिकागोजवळच्या त्या बाईंची गोष्ट सांगतात. २०२२ च्या फेब्रुवारीतली, खरी घडलेली. ऐंशी वर्षांची बाई, घरात एक अनोळखी माणूस शिरला आणि त्याने तिला बाथरूममध्ये कोंडलं. रोजचा वर्डल आला नाही म्हणून सिएटलच्या मुलीला शंका आली, पोलीस गेले, बाई वाचली. तेव्हा चौकोन ही हजेरी आहे, असं सरांचं म्हणणं. ऐकायला छान वाटतं. मागच्या वर्षी मी डेंग्यूने चार दिवस अॅडमिट होते. प्लेटलेट्स चाळीस हजारांवर. चौकोन नाहीत, काही नाही. पाचव्या दिवशी मोबाईल हातात घेतला तर एकच मेसेज होता. "ताई, स्ट्रीक गेली का?" सलाइनच्या हाताने मी लिहिलं, गेली. त्यावर सहा रडके चेहरे आले. बाकी कोणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, तेव्हा दोष देण्यात अर्थ नाही, पण मी देते. ते २१२ दिवस त्या डेंग्यूनंतरचे आहेत. म्हणून जपते.

इकडे गाडीत माझं नाव बदललं. कंडक्टर आता अर्धं तिकीट देताना विचारतात, "मोटरवाल्या मॅडम, आज लागली का?" नर्सबाई चाकूरच्या दवाखान्यात उतरताना सांगून जातात, "आज पंखा टाकून बघा." पंखा कसा टाकू? एकाने 'बैल' सुचवला. गेल्या मंगळवारी तर मी मोबाईल पर्समधून काढलाच नाही, तर मागचे दोघे नाराज झाले. रोज सकाळी पस्तीस किलोमीटरमध्ये मला एकटीला मिळणारी दहा मिनिटं होती ती. शाळेत पन्नास पोरं, घरी सासूबाई. तीही गेली.

काल संध्याकाळी चाकूरच्या स्टँडवर आजोबा दिसले. लातूरची गाडी लागली होती, पोरं गोणपाट चढवत होती, तेच गोणपाट. टोपी काढून ते माझ्या शेजारी बसले. पाऊस अजून नाहीच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पायाने गोणपाट दाबलं.

"वळखा."

"मोटर," मी म्हटलं.

"बगा," ते म्हणाले, "जमलालंय की तुमाला आता."

आणि कमरेची पिशवी सोडून लगेजचे पैसे काढू लागले.