बाग मंगळावर न्या

अवकाळीने कलमांखाली कैऱ्यांचा सडा घातलाय आणि पंचनाम्याला ड्रोन हवाय? बागायतदारहो, बाग आधी मंगळावर न्या. आपल्या किनाऱ्यावर खारा वारा असतो, आणि वाऱ्यात साहेबांचा ड्रोन उडत नाही.

मंगळावर हवेचाच पत्ता नाही, घनता आपल्या हवेच्या जेमतेम एक टक्का. तरी इन्जेन्युइटी नावाचं १.८ किलोचं हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ ला तिथे उडालं.

सातबारा सोबत असू द्या. सामायिक असेल तर भावकीही न्या.

रेंजची चिंता नको. पृथ्वीवरचा सिग्नल तिथे पोचायला कित्येक मिनिटं जातात, म्हणून हातात रिमोट धरून कोणी बसत नाही; ते यंत्र खालची जमीन कॅमेऱ्याने बघत आपलं आपण उडायचं. आमच्याकडे आधी वारा होता. मग बॅटरी उतरली. मग ऑपरेटर लग्नाच्या शूटिंगला गेला. (लग्नात वारा नसतो वाटतं.) मग "काका, वाडीत रेंजच नाही हो!" तिकडे रात्री पारा उणे ९० पर्यंत उतरतो, बॅटरी उन्हावर चार्ज करायची, ठरलेली उड्डाणं फक्त पाच, आणि झाली ७२! जानेवारी २०२४ मध्ये पाती मोडली तेव्हा थांबलं. का मोडली, तेही शोधून जगाला सांगितलं: खाली नुसती वाळू, खुणेला दगड नाही, कॅमेऱ्याला अंदाज येईना. कारण द्यावं तर असं द्यावं.

मंगळ मानवला नाही तर शनीचा चंद्र टायटन बघा. आठ रोटरांचं ड्रॅगनफ्लाय २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोचायचंय. आमच्या वाडीच्या आधी पोचेल.

एवढं करून आमचा पंचनामा झाला, बरं का. कार्यालयात बसून. नुकसान ३३ टक्क्यांच्या आत, म्हणजे भरपाई शून्य. कोणी मोजलं? कुठून बघितलं? देठाशी चीक काळा पडलेल्या कैऱ्या अजून गडग्यापर्यंत पसरल्यात, वास सुटलाय. अरे, ड्रोन नाही तर नाही, पायी या! पाखाडीच्या चार पायऱ्या चढवत नाहीत आणि न बघितलेल्या बागेवर सही ठोकता? लाज वाटू द्या जरा.