गाडी कुठं पळतेय!

गुडघा अजून हुळहुळतोय आणि शर्टावरचा हिरव्या चटणीचा डाग बायकोच्या मते जन्माचा सोबती आहे. माझा गुन्हा एवढाच, की काल इगतपुरीला वडापाव घ्यायला उतरलो.

कसारा घाटात सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. मागून जादा इंजिनं लावून, ज्यांना रेल्वेवाले बँकर म्हणतात, गाडी अक्षरशः ढकलत वर न्यावी लागते. लोखंडाची ही गत, तर माझ्या पोटाची काय कथा! शिवाय नाशिक रोड म्हणजे काही नाशिक नव्हे. स्टेशनाच्या नावातच कबुली आहे. तिथून पुढे गावात यायचे नऊ-दहा किलोमीटर उरतातच. पूर्वी म्हणे घोड्यांची ट्राम होती. आता रिक्षा आहेत, आणि मीटर म्हटलं की रिक्षावालेच घोड्यासारखे बिथरतात. थोडक्यात, घरचं ताट अजून दीड-दोन तास लांब होतं.

उतरलो. दोन वडापाव सांगितले. आमच्या डब्याच्या दाराशी एक काका उभे होते. पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी, गालात सुपारी.

"काका, गाडी सुटणार नाही ना इतक्यात?"

"कुठं पळतेय गाडी! इगतपुरी आहे ही. इथं इंजिन बदलतं."

"हो का?"

"म्हणजे काय! मुंबईची वीज वेगळी, इथनं पुढची वेगळी. ती डीसी, ही एसी. तुम्ही कुठले?"

"नाशिकचा."

"नाशिकचे, आणि हे ठाऊक नाही?"

इथं मी मेलो. नाशिककराला काहीही बोला, पण इगतपुरीबद्दल अडाणी म्हणू नका. मी अगदी जाणत्यासारखी मान हलवली आणि निवांत मिरच्या निवडायला लागलो.

"अठराशे पासष्टला इंग्रजानं लाइन आणली इथं," काका सुपारी या गालातून त्या गालात सरकवत म्हणाले. "डोंगर पोखरून. तेव्हापासून गाडी इथं दम खाल्ल्याशिवाय हलत नाही."

"रेल्वेत होता का तुम्ही?"

"मेव्हणा होता. पार्सलात."

काकांचं खोटं नव्हतं, फक्त शिळं होतं. एके काळी मुंबईकडून दीड हजार व्होल्टची डीसी वीज इथवर यायची, पुढे पंचवीस हजारांची एसी. इंजिन बदलेपर्यंत लोक खाली उतरून चहा घ्यायचे, बाटल्या भरायचे, वर भांडणंही उरकायचे. आता तिकडच्या तारेतही एसीच आहे. मागचे बँकर सोडले की गाडी मोकळी. हे सगळं मला नीट माहीत होतं. आठवलं मात्र घोटी गेल्यावर.

"अहो, आमच्या वेळी तर माणूस इथं अंघोळ कर..." एवढं बोलून काका दिसेनासे झाले. म्हणजे गाडी हलली होती. काकांचा एक हात पहिल्यापासून दाराच्या दांडीला होता, हे मी आधीच बघायला हवं होतं.

मी पळालो. चालत्या गाडीत चढू नये, हे मलाही कळतं. चार डबे मागच्या दारात कुणीतरी बखोट धरून मला आत ओढलं, गुडघा पायरीवर आपटला, मिरच्या रुळांना अर्पण झाल्या. मग चार डब्यांची यात्रा. आरक्षित डबे म्हणे! संडासाच्या दारात पेपर अंथरून बसलेली कुटुंबं, वाटेत गोण्या, आणि "सरका" म्हटलं की आपणच फुकटे असल्यासारख्या नजरा. दोन महिने आधी पैसे भरून खिडकी घेणाऱ्यानं नेमकं काय विकत घेतलेलं असतं, हे एकदा कुणीतरी लिहून द्यावं.

माझ्या खिडकीत काका बसले होते.

"आलात? मला वाटलं राहिलात. म्हटलं, जागा कुणी बळकावायला नको."

मी उभा राहिलो. काका उठले नाहीत. पाडळी गेली, अस्वली गेली. शेजारच्या बाईंनी माझ्या गुडघ्याकडे पाहून पाय आवरले, तेवढीच काय ती माणुसकी. लहवीतला काकांची नजर माझ्या हातातल्या पुडीवर गेली.

"दोन आणलेत होय?"

त्यांनी एक उचलला, पाव उघडून आत पाहिलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मिरची नाही आणली?"