जुनी पन्नास घ्यायची तर १.४ च घ्यायची का?

फिल्मवर फोटो काढणाऱ्या नाशिकच्या मंडळींत एक मेसेज फिरतोय: ‘जुनी मॅन्युअल ५० मिमी लेन्स घ्यायची तर एफ/१.४ च घ्या. कमी उजेडात तिला पर्याय नाही. ती जास्त शार्प, तिची काच उच्च प्रतीची. १.८ नवशिक्यांची.’ पहिलाच कॅमेरा घेणारी कॉलेजची मुलं हे वाचून खरेदी लांबवतात. म्हणून लिहितोय. (१.४, १.८ हे लेन्स किती उघडते त्याचे आकडे; आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त.)

आधी कमी उजेडाचं. १.८ पेक्षा १.४ मधून साधारण १.६५ पट प्रकाश येतो, म्हणजे जेमतेम पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ४०० आयएसओची फिल्म एक स्टॉप पुश केली, म्हणजे ८०० ची समजून वापरली आणि जास्त वेळ डेव्हलप केली, तर याहून जास्त मिळतं. पहाटे रामकुंडावर एक मीटरवरून कुणाचा चेहरा टिपताना १.४ वर फोकसमध्ये राहतं ते जेमतेम तीन सेंटिमीटर; माणूस अर्घ्य द्यायला किंचित वाकला की डोळे गेलेच. १.८ वर चार सेंटिमीटर मिळतात. आणि त्याच घाटावर दुपारच्या उन्हात? ४०० ची फिल्म, १/१००० सेकंदाचं शटर, तरी एफ/११ लागतं. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं शटर १/१००० च्या पुढे जातच नाही. तिथे १.४ चा उपयोग शून्य. एक मात्र मान्य: तिच्यातून व्ह्यूफाइंडर उजळ दिसतो, अंधारात फोकस करणं सोपं जातं.

शार्पनेस? पूर्ण उघडल्यावर जुन्या १.४ लेन्स बहुधा मऊ पडतात, कॉन्ट्रास्ट उतरतो. एफ/८ वर काढलेल्या प्रिंटवरून कुठली लेन्स होती हे मला तरी ओळखता येत नाही.

काचेबद्दल बोलायचं तर पेंटॅक्सच्या ५० मिमी १.४ टाकुमारच्या काही आवृत्त्यांत थोरियमयुक्त काच आहे. ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवली तर पिवळेपणा बराच उतरतो, पण नवख्याने ही कटकट का घ्यावी?

मेसेजमध्ये बुरशीचा शब्दही नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये बंद राहिलेल्या लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि कोटिंग कायमचं खातात. घेण्याआधी मागून टॉर्च मारा, अॅपर्चरच्या (आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या) पात्यांवर तेल आहे का बघा, फोकसची रिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवा. १.८ स्वच्छ असेल आणि १.४ मध्ये धागे दिसत असतील, तर १.८ घ्या आणि उरलेल्या पैशांत फिल्मचे रोल आणा.