गावानच्या मदरशात पुन्हा वर्ग भरावेत का?

बिदरला परके मानणे आम्हा उदगीरकरांना अवघडच जाते, कारण १९५६ पर्यंत आमचा जिल्हा तोच होता. त्यामुळे बहमनी सुलतानांचा वजीर महमूद गावान याने बिदरमध्ये बांधलेल्या मदरशाचा विषय कट्ट्यावर निघाला, तेव्हा वाटणीचा वाद असावा तशा हिरिरीने प्रत्येकाने बाजू घेतली.

सुरुवात केली ती बांधकामाची कंत्राटे घेणाऱ्या आमच्या मित्राने. माणसांची ये-जा थांबली की वास्तू खचत जाते, म्हणून १४७२ साली उभ्या राहिलेल्या या विद्यालयात निदान वाचनालय तरी सुरू करावे, असे त्याचे म्हणणे होते. वकीलसाहेबांनी त्याला तिथेच अडवले. "अहो, वापरानेच तर ती उडाली! १६५७ मध्ये औरंगजेबाने बिदर घेतले, मग मोगलांच्या फौजेने तिथे घोडेस्वार उतरवले, दारूगोळा भरला आणि त्या दारूच्या स्फोटात दर्शनी बाजूचा मोठा भाग कोसळला. मूळच्या दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे."

"मग दोष वापराचा नव्हे, दारूगोळ्याचा," मित्र म्हणाला. मला त्याचे म्हणणे पटले, कारण ती इमारत वाचणाऱ्यांसाठीच आखलेली आहे. सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद अशा त्या तीन मजली वास्तूत मधोमध चौक आहे. व्याख्यानांची दालने थेट वरच्या छतापर्यंत उंच नेलेली आहेत, तर विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या खोल्या मजल्यामजल्यांवर बसवलेल्या असून त्यांना उजेड आणि वारा मिळेल याची काळजी घेतलेली आहे. पायात ओल चढू नये म्हणून शिशाचे पत्रे घातले होते, हे ऐकून मित्राचे डोळे चमकले. आजच्या कंत्राटात ही बाब कोणी मंजूर करणार नाही, असे तो पुटपुटला.

निवृत्त गुरुजींची हरकत मात्र वेगळी होती. वाचनालय म्हटले की दिवे, पंखे, तारा आणि पाण्याचे नळ आलेच, आणि उरलेल्या मिनारावरच्या नागमोडी पट्ट्यांतल्या निळ्या-पिवळ्या चकाकीच्या फरशा आधीच इतक्या गळून पडल्या आहेत की खिळा ठोकायला लागणारा एक हातोडासुद्धा त्यांना जड जाईल. "गुरुजी, दिवसाच्या उजेडातच वाचू द्यावे," असे मी सुचवले. गावानच्या काळातले विद्यार्थी तरी दुसरे काय करीत होते?

पडलेला मिनार पुन्हा बांधण्याची मित्राची सूचना मात्र कोणालाच रुचली नाही. स्फोटाची ती खूण पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझेही मत आहे. वकीलसाहेबांनी शेवटी कायदा काढला: संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, तेव्हा स्वच्छतागृह कुठे बांधणार, ते आधी सांगा. मित्राने चहाचे पैसे दिले आणि बाहेरची एखादी जुनी खोली त्यासाठी भाड्याने घेता येईल, असा पर्याय पुढे ठेवला.