आवडीच्या कामात लक्ष लागतं, मग एडीएचडी कसला?

नमस्कार, एडीएचडीबद्दल, म्हणजे लक्ष ताब्यात ठेवणं जड जातं त्या मेंदूच्या अडचणीबद्दल, तुमचं म्हणणं नीट वाचलं. तुम्ही म्हणताय की विसरणं, चालढकल हे सगळेच करतात, आवडीचं काम असलं की एडीएचडी असलेल्यांना बरोब्बर तासन्तास बसता येतं, म्हणजे प्रश्न शिस्तीचा आहे आणि आळसाला आजकाल एक नाव मिळालंय इतकंच. आणि तुमचा भाचाही असाच आहे, हुशार आहे पण मनावर घेत नाही.

आवडीच्या कामात लक्ष लागतं हे अगदी खरंय, पण खरी गोम तिथेच आहे. लक्ष असतं हो, ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं हे हातात राहत नाही. आवडीचं काही हातात असलं की रात्र उलटून जाते, भुकेने पोटात कावळे ओरडत असतात, सकाळी लवकर उठायचंय हे पक्कं माहीत असतं, आणि तरी उठता येत नाही. याला मी एकाग्रता नाही म्हणणार.

आता उलटी बाजू बघा. एका मेलला दोन ओळींचं उत्तर द्यायचंय, मजकूर डोक्यात तयार आहे. मी मेल उघडते, बंद करते, परत उघडते, छातीत धडधडतंय, स्वतःला शिव्या घालून झाल्यात आणि बोटं काही हलत नाहीत, दुसरं कामही घेता येत नाही कारण आधी मेल, मग बाकीचं, असं करत संध्याकाळ होते. बाहेरून हे लोळणंच दिसतं. पण आळशी माणसाला निदान आराम तरी मिळतो, इथे काही न करताच माणूस दमून जातो. मग समोरच्याचा फोन येतो की आत्ताच्या आत्ता हवंय, आणि तेच उत्तर लगेच जातं! काम महत्त्वाचं आहे हे कळून भागत नाही, निकड तरी लागते नाहीतर ओढ तरी. काम सुरू करणं, डोक्यात धरून ठेवणं हे मेंदूच्या पुढच्या भागातून चालतं, तिथे डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही मेंदूतली रसायनं लागतात, आणि एडीएचडीवरची मिथाइलफेनिडेटसारखी औषधं नेमकी तीच वाढवतात.

सगळेच विसरतात, मान्य. म्हणून तर नुसत्या विसरण्यावरून निदान करत नाहीत. २०१३ च्या डीएसएम-५ प्रमाणे, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे, लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, घर, शाळा, काम अशा किमान दोन ठिकाणी हवीत आणि रोजच्या जगण्यात अडथळा येण्याइतकी हवीत. आणि 'आजकाल' म्हणाल तर अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्येच लिहून ठेवलंय की लक्ष न टिकणं हे जन्मापासूनही असू शकतं.

भाच्याला एडीएचडी आहे की नाही ते मला इथून सांगता येणार नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तोवर एक करून बघा, तो पुस्तक उघडून नुसता बसलेला दिसला की काही न बोलता तुमचं काम घेऊन त्याच्या शेजारी बसा. कुणीतरी सोबत असलं की आम्हा एडीएचडीवाल्यांपैकी बऱ्याच जणांना पहिली ओळ लिहायला जमते.