हंबनटोटा 'जप्त' झालं नव्हतं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय: 'चीनने श्रीलंकेच्या गळ्यात नको असलेलं बंदर मारलं. कर्ज फेडता आलं नाही म्हणून तेच 99 वर्षांसाठी जप्त केलं. पुढचा नंबर नेपाळचा!' झणझणीत आहे, पण बरंचसं चुकीचं.

जप्तीचंच बघा. 2017 साली चायना मर्चंट्स या कंपनीने 112 कोटी डॉलर मोजून हे हंबनटोटा बंदर भाडेपट्ट्याने घेतलं. सावकाराने शेत लाटलं तर निदान सातबाऱ्यावरचा बोजा तरी उतरतो. इथे तोही उतरला नाही. बंदराचं कर्ज श्रीलंका सरकारच्या डोक्यावर तसंच राहिलं आणि आलेले डॉलर गंगाजळीत गेले, कारण सरकारला डॉलरची चणचण होती. चणचण कशापायी? बाह्य कर्जात सगळ्यात मोठा वाटा होता तो आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा, एक तृतीयांशाहून जास्त. चीनचा वाटा, सरकारी कंपन्यांची कर्जं धरूनही, साधारण एक पंचमांश. एप्रिल 2022 मध्ये देशाने हात वर केले ते या सगळ्यांसमोर.

गळ्यात मारलं म्हणावं, तर हंबनटोटा हा श्रीलंकेचे माजी राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षेंचा जिल्हा, आणि बंदराची हौस त्यांची. चीनचं पहिलं कर्ज येण्याआधीच कॅनडाच्या आणि डेन्मार्कच्या कंपन्यांनी व्यवहार्यता अहवाल दिले होते. चीनच्या एक्झिम बँकेने पहिल्या टप्प्याला 30.7 कोटी डॉलर दिले, 6.3 टक्के व्याजाने. धर्मादाय नव्हतंच ते. पुढे साहेबांनी जवळच मत्तला इथे स्वतःच्या नावाचा विमानतळही बांधून घेतला, तोही चिनी कर्जातून. विमानं फिरकेनात.

नेपाळ? पोखऱ्याचा विमानतळ चिनी कर्जाचा, जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणांची वाट बघण्यातच पहिली दोन वर्षं गेली. कर्ज जड जातंय, पण विमानतळ नेपाळकडेच आहे.

म्हणजे चीन साळसूद, असं मी म्हणत नाही. ऑगस्ट 2022 मध्ये भारताने आक्षेप घेऊनही 'युआन वांग 5' हे उपग्रह आणि क्षेपणास्त्रांचा माग काढणारं जहाज याच हंबनटोट्याला येऊन लागलं. भीती घालायचीच तर त्या जहाजाचा फोटो टाका की. मेसेजमध्ये नेमका त्याचाच पत्ता नाही.